चौथा ठोका

रविवार, ९ फेब्रुवारी

पतपेढीने यंदाही सहदेवच्या नावाने डायरी पाठवली. माणूस डिसेंबरात गेला हे मी स्वतः जाऊन सांगितलं होतं, दाखला दाखवला होता. कारकुनाने मान हलवली, वाईट वाटल्याचा चेहरा केला आणि डायरी पाठवून दिली. कागद चांगला आहे. कोणीतरी वापरलीच पाहिजे.

समोर असताना मी त्यांचं नाव कधी तोंडाने घेतलं नाही. इथे घेणार. कव्हरवर छापलेलंच आहे.

आज दगडू भाऊजी आले होते. दगडू भाऊजी म्हणजे आमच्या कल्याण पूर्वेच्या बेंजो ग्रुपचे मालक, चालक आणि एकुलते एक बेंजोवाले. सहदेव त्यांच्या ग्रुपमध्ये ड्रम वाजवायचे, आमचं लग्न झालं त्याच्याही आधीपासून. भाऊजी ड्रमसेटकडे बघत बसले. आमच्या पुढच्या खोलीत जिथे सोफा असायला हवा तिथे ड्रमसेट आहे. झांजेच्या स्टँडवर मी ब्लाउज वाळत घालते. शिवणकामाच्या घरात मोकळी दांडी कोणी वाया घालवत नाही.

"वहिनी, यंदा जयंतीला ट्रकवर त्याच्या जागी कोणाला बसवायचं नाही असं ठरवलंय."

"मग वाजवणार कोण?"

"तोच."

मी चहा गाळत होते, तो तसाच धरून उभी राहिले. मग त्यांनी नीट सांगितलं. नोव्हेंबरात ग्रुपने जयंतीसाठी नवं गाणं रेकॉर्ड करायला घेतलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये आधी ड्रम वाजवून घेतात, बाकीचे नंतर त्यावर चढतात. सहदेवचे ड्रम झाले आणि बाकीचे चढायच्या आत सहदेव गेले. ते रेकॉर्ड झालेले ड्रम ठाण्याला वर्तकनगरच्या स्टुडिओत पडून आहेत. भाऊजींचा बेत असा की चौदा एप्रिलला ट्रकवर ड्रमसेट रिकामा ठेवायचा, स्पीकरवर सहदेवचे ड्रम लावायचे आणि बाकीच्यांनी त्यावर वाजवायचं.

"आवाज बरा निघाला तर," भाऊजी म्हणाले. "नाहीतर पोरं उल्हासनगरचा पॅडवाला आणायचा म्हणतायत."

पॅडवाला म्हणजे रबराच्या चौकोनावर काठ्या मारणारा. आवाज आतल्या मशीनचा असतो. सहदेव त्याला कॅरम म्हणायचे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

संचिताला घेऊन स्टुडिओत गेले. ती वर्तकनगरलाच राहते, लेक असूनही महिन्यातून एकदा दिसते, तेव्हा निदान हे निमित्त झालं. स्टुडिओ म्हणजे एका इमारतीच्या तळमजल्यावरची खोली. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा स्पंज आणि मध्ये हितेश. चाळिशीचा आहे, पण टोपी उलटी घालतो.

"काकी, खरं सांगू का? रेकॉर्डिंग खोक्यात वाजवल्यासारखं आहे. किकमध्ये दम नाही. स्नेअर पत्र्यासारखा."

किक म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. स्नेअर म्हणजे मांडीशी असतो तो कडकड करणारा. इतक्या वर्षांत सहदेवने मला ही नावं सांगितली नव्हती. ते मोठा आणि बारका म्हणायचे.

हितेशने आधी सहदेवचं ऐकवलं. खरंच खोक्यात वाजवल्यासारखं होतं. मग म्हणाला, "आता हे ऐका," आणि दुसरं लावलं. प्रत्येक ठोका महागड्या गाडीचं दार लावल्यासारखा. धप्प. धप्प. धप्प.

"हे कुठले ड्रम?"

"कॅलिफोर्नियाचे. टायमिंग काकांचंच आहे हां. फक्त प्रत्येक ठोक्याच्या जागी हा तयार ठोका ठेवलाय. आजकाल सगळे असंच करतात."

"म्हणजे माणूस काढला आणि त्याची वेळ ठेवली."

"असं कुठे म्हणतोय मी?"

"सगळे ठोके एकसारखे आहेत. त्यांनी दोन ठोके कधी एकसारखे मारले नाहीत. म्हणून तर त्यांना कोणी सिनेमात घेतलं नाही."

हितेश हसला. मी विचारलं, न बदलता, आहे तोच आवाज सुधारता येत नाही का. म्हणाला, येतो. ईक्यू लावायचा, कम्प्रेशन लावायचं, कान लावून बसायचं. वेळ फार जातो आणि इतक्या वाईट रेकॉर्डिंगला कोण बसणार.

"तुम्हीच करून बघा ना मग, काकी."

मी संचिताच्या पर्समधून पेनड्राइव्ह काढून पुढे केला. तो हसायचा थांबला तेव्हा संचिता हसायला लागली.

सोमवार, १७ फेब्रुवारी

संचिताने तिचा जुना लॅपटॉप आणून दिला आणि हितेशने सांगितलेलं फुकटचं सॉफ्टवेअर घालून दिलं. शिवाय सल्ला दिला, "आई, डोक्याला ताप करून घेऊ नकोस." हा सल्ला ती मला वडील गेल्यापासून देतेय. घेतलेला तापच बरा असतो, आपोआप येतो तो वाईट, हे तिला अजून कळायचंय.

माझं शिक्षण सातवी. पण शाळेतून काढलं म्हणून वाचायचं थांबा असं कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे मी थांबले नाही. वाचनालयातली पुस्तकं दोनदा फिरवून झालीत. सॉफ्टवेअरचं माहितीपुस्तक कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं, डिक्शनरी घेऊन बसले. पहिल्याच पानावर लिहिलंय की हे वापरायला अतिशय सोपं आहे. ते सोपं समजवायला त्यांना पुढे तीनशे पानं लागलीत.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

ईक्यू समजला. आवाजात जाड, मध्यम, बारीक असे थर असतात. प्रत्येकाला आकडा असतो. कुठला थर वाढवायचा आणि कुठला कापायचा हे आपण ठरवायचं. दोष शोधायची पद्धत मजेशीर आहे. एक थर मुद्दाम खूप वाढवायचा आणि आकड्यावरून सरकवत न्यायचा. जिथे सगळ्यात घाण ऐकू येईल तिथे थांबायचं आणि तिथेच कापायचं. आमच्याकडे लग्न ठरवताना मुलीकडच्यांशी असंच करतात, फक्त शेवटी कापत नाहीत, नुसतं वाढवूनच ठेवतात.

हितेशचं खोकं चारशेच्या आसपास सापडलं. कापलं. सहदेव एकदम खोक्यातून बाहेर आल्यासारखे वाटले. मोठ्या ड्रमला खाली साठच्या जवळ थोडं वाढवलं, तर खिडकीची काच थरथरली. हौसाबाईंनी खालून छताला झाडू मारला. वीस वर्षं मारतायत. काही गोष्टी सहदेवबरोबर गेल्या नाहीत याचं बरं वाटलं.

मोठ्या ड्रमचा आवाज असा घट्ट का, हे मला हितेशपेक्षा जास्त माहीत आहे. आत माझी साडी आहे. विटकरी रंगाची. आवाज घुमू नये म्हणून आत कापड कोंबतात. "एक जुनी साडी दे," म्हणाले आणि कपाटातून स्वतःच घेतली. जुनी नव्हती. आठवडाभर मी बोलले नव्हते. ते त्यांच्या लक्षात आलं की नाही, शंका आहे.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मोठ्या ड्रमखाली झुरळं झालीत म्हणून तो सरकवायला घेतला. एकटीने हलेना. सहदेव होते तेव्हा कार्यक्रमाला जाताना तो तीन मजले खाली न्यायचा असायचा. आम्ही दोघं न्यायचो. "धर", "उचल" असलं काही नाही. ते नाकाने एक श्वास घ्यायचे की माझे हात पलीकडे लागलेले असायचे आणि ड्रम वर. बोलण्याचा खर्च त्यांना परवडत नसे.

आज हौसाबाईंना बोलावलं. पंच्याहत्तरीच्या आहेत, पण मनगट अजून पाट्यावरचं आहे.

"एक, दोन, तीन म्हणते, तीनला उचल," त्या म्हणाल्या.

तीनला मी उचललं. त्यांनी तीन म्हणून झाल्यावर उचललं. ड्रम माझ्या अंगठ्यावर आला.

"तुला मोजता येत नाही गं," हौसाबाई म्हणाल्या.

अंगठा निळा झालाय. झुरळं जागच्या जागी आहेत.

रविवार, २ मार्च

आज कम्प्रेसर. हा प्रकार समजायला मला तीन दिवस लागले, आणि समजला तो शिलाईच्या मशीनवर बसल्यावर.

ठोके लहानमोठे असतात. एक जोरात, एक हळू. सगळे एका मापात बसत नाहीत. मग कम्प्रेसर काय करतो, एक रेघ आखतो. त्या रेघेच्या वर जो ठोका जाईल त्याला आत घेतो, ढगळ ब्लाउज टिपा मारून आत घेतात तसा. किती आत घ्यायचा तेही आपणच सांगायचं. चारास एक सांगितलं, तर रेघेच्या वरचं चार गज कापड घेऊन एकच गज परत देतो. अशा शिंप्याला गिऱ्हाइकाने चोप दिला असता, इथे त्याला कला म्हणतात.

उंच ठोके दाबले की सगळंच खाली बसतं. म्हणून मग सगळंच वर उचलायचं. याचा परिणाम असा की जे आधी मोठं होतं ते होतं तेवढंच राहतं आणि जे हळू होतं ते मोठं होतं.

त्याला हात किती लवकर घालायचा हेही सांगावं लागतं. फार लवकर घातला तर काठी कातड्यावर पडते तो 'टच्' मरतो आणि ड्रम उशीसारखा वाजतो. पहिल्या दिवशी मी सहदेवची उशी केली. आज थोडा उशिराने घालायला लावला. काठी पडू द्यायची, मग दाबायचं. बारका ड्रम असा निघाला की मी उठून दारापर्यंत गेले.

कोणी नव्हतं अर्थात. दारापर्यंत जाऊन काय करणार होते, माहीत नाही. कडी नीट लावून आले.

शुक्रवार, ७ मार्च

कम्प्रेशनने सगळं वर उचललं तसा कचराही वर आला. एक आवाज आहे. गाणं सुरू होण्याआधी, आणि मध्येमध्ये सगळं थांबतं तिथे. फुस्स. गरम चहावर फुंकर घालावी तसा, पण उलटा.

हितेशला फोन केला. "तुझ्या एसीचा आवाज आलाय."

"एसी बंद ठेवतो काकी रेकॉर्डिंगला."

"मग खुर्ची."

"खुर्ची नवीन आहे."

"मग तू असशील."

"मी काचेच्या पलीकडे असतो," तो म्हणाला. "गेल्या आठवड्यात पाठवलेलं ऐकलं मी. चांगलं झालंय. आता हात लावू नका, द्या."

हात लावू नका म्हणे. कचरा तसाच ठेवून द्या म्हणे. अशाने ठाणं असं झालंय.

गुरुवार, १३ मार्च

फुस्सच्या मागे लागलेय. तीन हजारपासून सहा हजारपर्यंत पसरलाय, उंदीर पसरतो तसा. तिथे कापलं तर तो जातो, पण झांजेची चमकही जाते आणि सहदेव गोधडीखाली वाजवतायत असं वाटतं. नाही कापलं तर दर थांब्याला येतोच. आज कितीतरी वेळा तेवढाच तुकडा परत परत लावून ऐकला, कुठे धरायचा ते कळायला. थोडी शिट्टीही आहे त्यात.

संचिताचा फोन. "आई, मागच्या महिन्यातलंच छान होतं की. झालंय ते. तू रोज काय करत बसतेस?" तिच्या कानाला काय कळणार. इकडे ये राहायला, म्हणाली. म्हटलं, काम संपू दे.

तिने विचारलं, कधी संपणार. मी दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूध फ्रिजमध्ये होतं.

बुधवार, १९ मार्च

सापडलं. त्याला गेट म्हणतात. दारावर बसवलेला वॉचमन. आवाज एका पातळीच्या वर असला तर आत सोडतो, खाली असला तर दार बंद. ठोके मोठे, ते सुटतात. फुस्स लहान, तो बाहेर. आमच्या सोसायटीचा वॉचमन नेमका उलटं करतो, म्हणून मला समजायला वेळ लागला.

आता थांबा म्हणजे थांबा. मध्ये काही नाही. नव्या कोऱ्या परकराच्या कापडासारखं स्वच्छ.

रविवार, २३ मार्च

हितेशला पाठवलं. त्याने ऐकून फोन केला. "काकी, हे तुम्ही केलंत? एकट्यांनी? थांबे तर काय क्लीन आहेत. माझ्याकडे कामाला या."

म्हटलं, टोपी सरळ घालणार असशील तर येते.

दगडू भाऊजींनाही पाठवलं. ते म्हणाले, रविवारी समाजमंदिरात सगळे जमू, वाजवून बघू. उल्हासनगरवाल्याला अजून होय सांगितलेलं नाही. मी आज श्रीखंड आणलं आणि एकटीने खाल्लं. हौसाबाईंना वाटीभर दिलं, ते सौजन्य म्हणून.

रविवार, ३० मार्च

समाजमंदिरात सगळे आले होते. भाऊजी बेंजो घेऊन, सम्यक कीबोर्डवर, पायल गायला. पायल भाऊजींची सून, शाळेत शिकवते, आवाज असा की माइक नसला तरी चालेल. पॅडवाला आणायचं खूळ सम्यकचं.

मी इस्त्रीची साडी नेसून पहिल्या रांगेत.

गाणं लावलं. काठ्या वाजल्या. टक, टक, टक. मग शांतता. मग सहदेवचे ड्रम धाडकन सुरू झाले, आणि त्यांच्याबरोबर कोणीच सुरू झालं नाही. सम्यक आधी घुसला, भाऊजी मागून आले, पायलचं तोंड उघडं ते उघडंच.

"परत," भाऊजी म्हणाले.

परत तेच. तिसऱ्यांदा पहिला घास कसाबसा जमला, तर पुढच्या थांब्याला सगळे पुन्हा चार दिशांना. इतकी वर्षं एकत्र वाजवलेली माणसं, आणि लग्नाच्या पंगतीत पाणी वाढणारे एकमेकांवर आपटतात तशी गत. मला वाटलं, सरावच नाही यांना. तसं म्हणणारही होते.

भाऊजींनी बेंजो मांडीवरून उतरवला. "वहिनी, चौथा कुठाय?"

"कोणता चौथा? काठ्या तीनदाच वाजतात. सगळीकडे तीनदाच आहेत."

"काठ्या तीनच. चौथा तो श्वास घ्यायचा ना."

मला काही कळेना.

"नाकातून. असा." भाऊजींनी करून दाखवला. त्यांना काही तो जमला नाही. "तीन ठोके, मग श्वास, मग आम्ही सगळे. आम्ही त्याच्या श्वासावरच उठायचो. त्याचा चौथा कधी लांब, कधी आखूड. मोजून नाय जमत."

"मी तर डोळे मिटून उभी असते काकी," पायल म्हणाली. "तो आला की सुरू करायचं. लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनी एवढंच शिकवलं मला."

"तेच तर म्हणतोय मी," सम्यक म्हणाला. "पॅडवाला क्लिक देतो. टिक टिक टिक टिक. झंझटच नाय."

सहदेवला ते टिकटिक लावून वाजवायला हितेशनेही सांगितलं होतं म्हणे. घड्याळाशी मी लग्न केलेलं नाही, असं उत्तर मिळालं होतं. हे मला आज कळलं. घरी तर एवढं मोठं वाक्य ते कधी बोलले नव्हते.

"तो आवाज मी काढला," मी म्हटलं. "कचरा म्हणून."

सम्यकने कीबोर्ड पुसायला घेतला. स्वच्छ होता.

"येत्या रविवारी परत बसू," भाऊजी म्हणाले. "तेव्हा नाय जमलं तर मग सांगून टाकू उल्हासनगरला. त्याला तरी किती दिवस टांगून ठेवायचं."

सोमवार, ३१ मार्च

वॉचमन काढला. ठोके बंद केले. फक्त थांबे ऐकले.

शिट्टी डाव्या नाकपुडीची आहे. पावसात जास्त वाजायची.

एसीला दोष दिला मी. खुर्चीला दिला.

दोन गिऱ्हाइकं ब्लाउजला आली होती, दारावर बराच वेळ वाजवत होती. उघडलं नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

हितेशला फोन केला. "मला श्वास मोठा करायचाय."

"काकी, लोक माझ्याकडे श्वास काढायला येतात."

"मी लोक नाही. ट्रकवर जनरेटर असतो, गर्दी असते, त्यात तो पोचला पाहिजे. कसं करायचं ते सांग."

त्याने सांगितलं, आणि नीट सांगितलं, हे लिहायला हवं. सगळे श्वास कापून वेगळ्या पट्टीवर न्यायचे. तिथे कम्प्रेसर कडक लावायचा, आठास एक. खालचा जाड थर पूर्ण कापायचा आणि तीन हजारच्या आसपास उचलायचं. म्हणजे जिथे मी पंधरा दिवस कात्री चालवली, नेमकं तिथेच आता कापड जोडायचं. असं काम मी एरवी फक्त वजन वाढलेल्या बायकांसाठी करते.

श्वास उचलला की मागे लांबत जाणारी झांजही उचलली जाते. ती वरून कापावी लागते, पण फार नाही, नाहीतर श्वासातली शिट्टी जाते. शिट्टी ठेवायची आहे.

संध्याकाळी स्पीकर लावून ऐकला, ट्रकवर कसा येईल बघायला. हौसाबाई जिन्यातून ओरडल्या, "नीला, वर म्हैस आणलीस का गं?"

जास्त झालाय. उद्या कमी करते.

शनिवार, ५ एप्रिल

कमी केला तर ऐकू येत नाही. वाढवला तर म्हैस. दोन्हींच्या मध्ये एक जागा आहे, तिथे माणूस आहे. आज दुपारी ती सापडली असं वाटलं. मग चहा करून आले आणि परत ऐकलं. वाटलं होतं तशीच होती.

मग हात लावला नाही. बसून राहिले.

रविवार, ६ एप्रिल

टक, टक, टक, श्वास, आणि सगळे एकदम उठले. पहिल्याच खेपेला. पायलचे डोळे मिटलेले होते.

गाणं संपल्यावर भाऊजी पाठ फिरवून बेंजो सुरात लावत बसले. बेंजो सुरातच होता. सम्यक म्हणाला, "पॅडवाल्याला नाय सांगतो मग." त्याच्यासाठी ही शोकसभाच म्हणायची.

फाइल दिली. लॅपटॉप संचिताला परत नेऊन द्यायचाय. घाई नाही, तिच्याकडे नवा आहे.

सोमवार, १४ एप्रिल

सकाळी भाऊजींची पोरं ड्रमसेट न्यायला आली. चौघं होते आणि चौघंही जिन्यात एकमेकांना सूचना देत होते. मोठा ड्रम प्रत्येक मजल्यावर एकदा आपटला. मी झांजेच्या स्टँडवरचे ब्लाउज तेवढे काढून घेतले.

संध्याकाळी संचिता आली, दोघी चौकात गेलो. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, आणि पलीकडच्या ट्रकवर एक डीजे, ज्याला ईक्यू नावाची गोष्ट जगात आहे हे कोणीतरी सांगायला हवं. सगळं कमरेच्या खाली वाजत होतं. शंभरच्या आसपास कापलं असतं तर निम्मी गर्दी कानातले बोळे काढू शकली असती.

आमचा ट्रक आला. ड्रमसेट मधोमध, मागे स्टूल रिकामं. कोणीतरी झांजेला झेंडूचा हार घातला होता. भाऊजींनी बघितलं.

"काढ तो. झांज दबते."

"काका, झांज कुठे वाजणाराय?" हार घालणारा म्हणाला.

"तरी काढ."

काढला. मग सम्यकने त्याच्या मशीनवर बटण दाबलं. मी संचिताची पाण्याची बाटली धरून अगदी ट्रकला लागून उभी होते. जनरेटर कानाशी धडधडत होता. मी मनातल्या मनात आकडे म्हणत होते, तीन हजार थोडं कमी तर नाही ना पडणार, आठास एक पुरेल ना. काठ्या वाजल्या. टक, टक, टक.

मग दोन्ही बाजूंच्या उंच स्पीकरमधून, जनरेटरच्या वरून, सगळ्या चौकात, त्यांनी नाकाने श्वास घेतला.

भाऊजी उठले, पायल उठली, सम्यकसुद्धा वेळेवर आला. पुढचा ठोका पडला आणि पब्लिक नाचायला लागलं. मला कोणीतरी दंडाला धरून हलवत होतं. संचिता होती.

"आई," ती माझ्या कानाशी येऊन ओरडली, "काय उचलतेयस?"

मी म्हटलं, तुझी बाटली. बाटली माझ्या पायाशी पडलेली होती. माझे दोन्ही हात कमरेच्या उंचीवर पुढे होते, मोठ्या ड्रमच्या मापाचं अंतर ठेवून.